जंगलाला हात लावू नका: व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या संचालकाची गोष्ट

ताडोबाचे रील्स तुमच्याही फोनवर येतच असतील. वाघ रस्ता ओलांडतोय आणि सगळ्या जीपमधून कॅमेरे निघालेत. साठ वर्षांपूर्वी देशातल्या कित्येक जंगलांत वाघासमोर बंदुका निघायच्या, तेही रीतसर परवाना काढून! हे चित्र बदलणाऱ्यांपैकी एक सरकारी अधिकारी होते कैलाश सांखला. आज त्यांच्याबद्दल बोलूया.

सांखला जोधपूरचे, जन्म १९२५ चा. नोकरी वनखात्यात. आता तेव्हाचं वनखातं कसं होतं? जंगल म्हणजे लाकूड आणि लाकूड म्हणजे महसूल. इंग्रजांनी घालून दिलेला हा हिशेब स्वातंत्र्यानंतरही चालूच होता. सांखला १९६५ ते १९७० दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते. मग नेहरू फेलोशिप मिळाली आणि त्यांनी वाघाचा अभ्यास हाती घेतला.

१९७२ च्या गणनेत अख्ख्या देशात वाघ निघाले फक्त १,८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिले संचालक सांखला. सुरुवातीला नऊ जंगलं घेतली, त्यांत आपलं मेळघाटही होतं.

सांखलांचं म्हणणं सोपं होतं. नुसती शिकार थांबवून भागणार नाही. वाघाला सांबर-चितळ लागतात, त्यांना गवत लागतं आणि ते गवत गुरं खाऊन टाकतात. म्हणून गाभ्यात झाडतोड बंद, चराई बंद. विचार करा, खात्यातलाच माणूस खात्याची कमाई थांबवा म्हणत होता!

पण याची किंमत कोणी मोजली? गाभ्यातल्या गावांनी. कान्हातून गोंड-बैगा कुटुंबं हलवली गेली. पुनर्वसन गावकऱ्यांच्या संमतीनेच व्हावं, ही अट व्याघ्र प्रकल्पांसाठी कायद्यात आली २००६ मध्ये. तोवर एक पिढी गेली होती.

सांखलांना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली, १९९४ मध्ये ते गेले. २०२२ च्या गणनेचा अंदाज आहे ३,६८२ वाघ. मला वाटतं, हा आकडा सांगताना दोघांचंही नाव घ्यावं: जंगल मोकळं ठेवा म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं आणि त्यासाठी घर सोडलेल्या गावकऱ्यांचं. पहिल्याला पद्मश्री मिळाली. दुसऱ्यांची साधी यादी तरी आपण कधी वाचलीय का?