माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणसवलती : फायदे काय, अडचणी काय

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे सीमाभागात गावोगावी माजी सैनिकांची घरं आहेत. या घरांतल्या मुलांना शिक्षणासाठी ठळक चार वाटा आहेत. प्रत्येकीचा फायदा वेगळा आणि अटही वेगळी.

पंतप्रधान शिष्यवृत्ती : इंजिनीअरिंग, वैद्यकीय, बी.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. म्हणजे वर्षाला अनुक्रमे 36,000 आणि 30,000. बारावी, डिप्लोमा किंवा पदवीला किमान 60 टक्के लागतात आणि अर्ज पहिल्या वर्षीच करावा लागतो. पुढे दरवर्षी 50 टक्के राखावे लागतात. एमबीए, एमसीए सोडून पदव्युत्तर शिक्षणाला आणि परदेशातल्या शिक्षणाला ही लागू नाही. शिवाय अर्ज प्रवेशानंतर होत असल्याने पहिली फी घरातूनच भरावी लागते.

शिक्षण अनुदान : हवालदार व त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत, पदवीपर्यंत. नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना महिना 1,000 ऐवजी 2,000 रुपये. रक्कम लहान, पण साध्या बीए, बीकॉमलाही चालते हा मोठा फायदा.

राष्ट्रीय मिलिटरी स्कूल : देशात अशा पाचच शाळा, त्यातली एक बेळगावात. 70 टक्के जागा जेसीओ आणि जवानांच्या मुलांसाठी असतात. प्रवेश सहावी आणि नववीत, परीक्षेतून. जागा मोजक्या असल्याने चुरस मोठी.

सैनिक स्कूल : इथे सीमाभागाचा प्रश्न थेट येतो. 67 टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांना, 33 टक्के बाहेरच्यांना. बेळगावच्या रहिवाशाला विजयपूर आणि कोडगू ही आपल्या राज्यातली शाळा. सातारा कितीही जवळचं वाटलं तरी तिथे तो बाहेरचा. आरक्षित जागा वगळून उरलेल्यांपैकी 25 टक्के सैनिक व माजी सैनिकांच्या मुलांना असतात. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, नववीची फक्त इंग्रजीतून. शाळेत शिकवणं इंग्रजीतूनच.

निवासी शाळेत शिस्त, खेळ आणि एनडीएची तयारी मिळते. पण दहा-अकरा वर्षांचं पोर घराबाहेर राहतं आणि मराठी शाळेतून गेलेल्याला पहिलं वर्ष जड जातं. एनडीएत निवडीची हमीही नाही. यूपीएससीची लेखी परीक्षा आणि एसएसबी सगळ्यांनाच द्यावी लागते.

युद्धात शहीद झालेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी वेगळी सवलत आहे. 1971च्या युद्धानंतर ती सुरू झाली. 2017 मध्ये तिच्यावर घातलेली महिना 10,000 रुपयांची मर्यादा पुढच्याच वर्षी उठवली गेली.

सगळ्यात जास्त घोळ कागदांचा होतो. डिस्चार्ज बुकात मुलाचं नाव इंग्रजीत, शाळेच्या दाखल्यावर कन्नडमध्ये आणि आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगनं असेल तर अर्ज अडकतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र आणि मुलाचे दाखले घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावं जुळवून घ्यावीत. दहावीचा निकाल लागायच्या आधीच हे काम उरकलेलं बरं.