वसतिगृहांचा इतिहास आणि पहिल्या पिढीचा विद्यार्थी

आपल्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली प्रतिवर्षी अभिमानाने छापली जाते आणि ती छापली जावी हे योग्यच होय. तथापि त्या नामावलीतील किती मुलामुलींनी महाविद्यालयाचे पहिले वर्ष पुरे केले, याची नोंद मंडळाच्या दप्तरी सापडत नाही. ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, तेथील विद्यार्थ्यास प्रवेश मिळाला म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत दिसते. महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास निराळे सांगतो. तो ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गेल्या शतकाच्या आरंभी खेड्यातील हुशार मुलापुढे फीइतकाच बिकट प्रश्न होता तो शहरात राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा. गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकू शके. ती सोयही कष्टाची आणि मानहानीची होती. परंतु शेतकऱ्याच्या, कारागिराच्या वा अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलास तीही उपलब्ध नव्हती. त्याचे शहरात ओळखीचे घर नसे आणि अडचण विचारावी असा वडीलधारा माणूसही नसे.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी हे मर्म ओळखले. 1896 मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. दार सर्वांस उघडे होते, तरी काही वर्षांत तेथे प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. नुसते दार उघडून भागत नाही, आत येणाऱ्यास ते घर आपले वाटले पाहिजे, हा धडा महाराजांनी घेतला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. महाराजांनी जागा व साहाय्य द्यावे आणि त्या त्या समाजाने कारभार पाहावा, अशी साधारण पद्धत होती. 1902 मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. ही वसतिगृहे नसती, तर त्या जागांवर बसण्याइतकी शिकलेली माणसे मिळणे कठीण झाले असते.

ज्ञातीच्या वसतिगृहास मर्यादाही होती. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहत असत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या छपराने आश्रय दिला, त्याच छपराखाली जातीची भिंत उभी होती. पुढे 1919 मध्ये भाऊरावांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. तेथे स्वयंपाक आणि पंगत एकच असे, आणि कामे मुलेच करीत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही त्या मुलांसाठी दिले. महात्मा गांधींच्या हस्ते 1927 मध्ये या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

पुढील पाऊल महाविद्यालयांनी टाकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांस शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. 1950 मध्ये औरंगाबादेस स्थापन झालेल्या आणि पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आलेल्या महाविद्यालयाबरोबर वसतिगृहांचीही व्यवस्था झाली. साताऱ्यास 1947 मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना राबविली. विद्यार्थ्याने महाविद्यालयास जुळवून घ्यावे, या जुन्या अपेक्षेच्या जागी महाविद्यालयानेही विद्यार्थ्याची परिस्थिती जाणून घ्यावी, हा विचार येथे रुजला.

या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास वसतिगृहाने अन्न व निवारा दिलाच, शिवाय वाट दाखविणारा माणूसही दिला. अर्ज कोठे करावा, ग्रंथालयातून पुस्तक कसे मिळवावे, इंग्रजी व्याख्यान समजले नाही तर काय करावे, नापास झाल्यास घरी काय कळवावे, या गोष्टी सुशिक्षित घरातील मुलास बोलता बोलता कळतात. इतरांस त्या वरच्या वर्गातील सोबत्याने सांगाव्या लागतात. असा सोबती न लाभल्यास मुलगा सहामाहीपूर्वीच मुकाट्याने गावी परततो. मुलगी परतली, तर तिच्या धाकट्या बहिणीची वाटही बहुधा बंद होते. बुद्धीत उणे नसताना ‘आपल्याला झेपत नाही’ असा समज मात्र घराण्यात कायम होतो.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पारितोषिकांच्या निधीतील काही भाग पहिल्या सहामाहीतील भोजन, खोली व पुस्तके यांसाठी राखून ठेवावा. शहरात शिकत असलेल्या प्रत्येक ज्येष्ठ विद्यार्थ्याकडे एक नवा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनीकडे एक नवी विद्यार्थिनी सोपवावी आणि त्यांची विचारपूस दर महिन्यास व्हावी. तिसरी विनंती काहींस रुचणार नाही, तरी ती केलीच पाहिजे: या साहाय्याचे दार इतर ज्ञातींच्या गरजू मुलांसही उघडे असावे. शाहू महाराजांनी ज्ञातिवार वसतिगृहे काढली, आणि त्यांनीच 1919 मध्ये आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदाही केला. ज्ञातीचे घर ही त्यांच्या दृष्टीने पायरी होती. आपण त्या पायरीवरून वर आलो. मागून येणाऱ्यांस तेथे जागा करून देणे हे आता आपले काम होय.