फिरत्या वह्या ते संगणक : शिक्षकांच्या जाळ्यांचा एक इतिहास

शिक्षकाचा व्यवसाय हा दिसायला गजबजलेला असला तरी मुळात एकाकी आहे. वर्गाचे दार एकदा लागले की आतला शिक्षक काय करतो, कुठे अडखळतो, त्याला काय नव्याने सुचते हे शेजारच्या वर्गातील सहकाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. हा एकाकीपणा मोडण्यासाठी जगभरच्या शिक्षकांनी आंतरजालाच्या साहाय्याने परस्परांशी जोडून घ्यावे, असे गेली काही वर्षे आग्रहाने सांगितले जाते. ‘व्यावसायिक अध्ययन-जाळे’ ही काहीशी बोजड संज्ञाही त्यातूनच रूढ झाली. अशी जाळी संगणकाने निर्माण केली, असे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. संगणकाच्या कितीतरी आधी, टपाल आणि हातछपाईच्या बळावर शिक्षकांनी अशी जाळी उभारली होती. आणि पुढे संगणकावर जी जाळी टिकली, त्यांतील महत्त्वाच्या काहींनी आपले नियम याच जुन्या परंपरेतून घेतले.

या परंपरेचा एक ठळक आरंभबिंदू फ्रान्समध्ये सापडतो. सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) हा दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या डोंगराळ गावी १९२० साली प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झाला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे त्याला फार वेळ बोलता येत नसे. व्याख्यान देणारा शिक्षक होणे त्याला शक्यच नव्हते. १९२४ मध्ये त्याने वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुलांनी आपल्या अनुभवाविषयी लिहावे, सर्वांनी मिळून तो मजकूर तपासावा, खिळे जुळवावेत आणि पाने छापावीत, असा क्रम सुरू झाला.

परंतु छापलेले पान वाचणार कोण? आपल्या विषयाच्या दृष्टीने हा प्रश्न कळीचा आहे. १९२६ मध्ये ब्रिटनी प्रांतातील त्रेगं या समुद्राकाठच्या गावचा शिक्षक रेने दानिएल याच्याशी फ्रेनेचा नियमित आंतरशालेय पत्रव्यवहार सुरू झाला, आणि छापील पाने दोन्ही दिशांनी जाऊ-येऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्र नवा, समुद्राकाठच्या मुलांना डोंगर नवा. त्यामुळे ज्याला आपण ‘रोजचेच’ म्हणून सोडून देतो, ते दुसऱ्याला समजावून सांगणे भाग पडले. निबंधलेखनातील कृत्रिमता इथे आपोआप गळून पडते. शिक्षक गुण देण्यासाठी वाचतो आणि दूरचा समवयस्क जाणून घेण्यासाठी वाचतो. या दोन वाचकांसाठी केलेले लेखन एकसारखे असू शकत नाही.

मुलांची पाने जात-येत होती, तसे शिक्षकही एकमेकांशी जोडले जात होते. १९२७ मध्ये तूर येथे शाळेत छपाई करणाऱ्या शिक्षकांचे पहिले संमेलन भरले. लवकरच त्यांची सहकारी संस्था निघाली आणि छपाईसाहित्य, नियतकालिके व मुलांसाठी माहितीपुस्तिका यांची निर्मिती सुरू झाली. या चळवळीची एक साधीशी रीत विशेष लक्षणीय आहे, ती फिरत्या वह्यांची. एखादा शिक्षक एका प्रश्नावर वहीत टिपण लिही आणि ती टपालाने पुढच्या शिक्षकाकडे पाठवी. तो त्यात आपला अनुभव, शंका वा मतभेद नोंदवून वही आणखी पुढे धाडी. वही फिरून पहिल्याकडे परत येई, तेव्हा त्याच्या प्रश्नाला अनेकांनी उत्तरे दिलेली असत. वही कोणा एकाकडे पडून राहिली, तर सगळेच थांबत. उत्तर ही तिथे मर्जीची बाब उरत नसे.

अशा जाळ्याचा खरा कस संकटात लागतो. सें-पोल या गावी १९३२ च्या अखेरीस फ्रेनेच्या वर्गात छापलेल्या एका मुलाच्या स्वप्नकथनावरून गहजब झाला. त्या स्वप्नात महापौराला मारले जाते. गावात त्याच्याविरुद्ध भित्तिपत्रके लागली, उजव्या वृत्तपत्रांनी प्रकरण उचलले, आणि १९३३ मध्ये त्याला तेथून जावे लागले. जाळ्यातल्या शिक्षकांना त्याची नोकरी काही वाचवता आली नाही. पण त्यांनी त्याची बाजू उचलून धरली, आणि पुढे व्हान्स येथे त्याने स्वतःची शाळा काढली तेव्हाही चळवळ त्याच्याभोवती उभी राहिली. अर्थात सारेच सुरळीत नव्हते. १९६१ च्या सुमारास पॅरिसमधील गट फ्रेनेच्या एकछत्री नेतृत्वाला कंटाळून वेगळा झाला. उत्तर देण्याच्या हक्कात असहमतीचा हक्कही येतो, हे जाळ्याच्या संस्थापकांनाही पचवणे जड जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही परंपरा फ्रान्सबाहेर पसरली. १९५१ मध्ये इटलीतील शिक्षकांनी शालेय छपाईची सहकारी संस्था स्थापन केली आणि १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ आकाराला आला. इटलीतल्या या चळवळीचा एक धागा थेट मराठी वाचकापर्यंत पोहोचतो. मारिओ लोदी हा पियादेनाजवळच्या व्हो या गावचा शिक्षक १९६३ मध्ये तोस्कानाच्या डोंगरातील बार्बियाना येथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेत गेला. त्या भेटीतून दोन शाळांत पत्रव्यवहार सुरू झाला. लोदीच्या विद्यार्थ्यांना उत्तर लिहिताना बार्बियानाच्या मुलांनी सामूहिक लेखनाची पद्धत घडवली : प्रत्येकाने सुट्या कागदावर मुद्दे लिहायचे, ते एकत्र करून गटवारी लावायची, पुनरुक्ती काढायची, एकेक शब्द सर्वांनी तपासायचा. याच पद्धतीने १९६७ मध्ये त्यांनी परीक्षाकेंद्री आणि वर्गभेद जोपासणाऱ्या शाळाव्यवस्थेवर लिहिलेले पुस्तक मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आले. आपल्याकडील अनेक शिक्षकांनी ते वाचले आहे. परंतु त्या पुस्तकाच्या पाठीशी दोन शाळांमधील एक साधा पत्रव्यवहार आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

संगणकाचा प्रवेश होतो तो या टप्प्यावर. १९८५ मध्ये डेनिस सेयर्स, क्रिस्टिन ब्राउन आणि एनिड फिगेरोआ यांनी ‘दे ओरिया आ ओरिया’ (एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत) हा प्रकल्प सुरू केला. अमेरिकेतील स्पॅनिश भाषक मुलांचे वर्ग इ-मेलद्वारे प्वेर्तो रिकोसारख्या स्पॅनिश भाषक प्रदेशातील वर्गांशी जोडण्यात आले. फ्रेनेचे ऋण या मंडळींनी उघडपणे मान्य केले होते. एका वर्गाची जोडी दुसऱ्या एका वर्गाशी, हीच जुनी घडी त्यांनी कायम ठेवली. इ-मेलच्या जोडीला टपालाने जाणारी पुडकीही त्यांनी सोडली नाहीत. त्यांच्या एका उपक्रमात मुलांनी घरच्यांकडून म्हणी गोळा केल्या आणि त्यांचा अर्थ व योग्यायोग्यता यांची चर्चा केली. शाळेत जी घरची भाषा कमीपणाची मानली जात होती, तीच आता पलीकडच्या वर्गाशी बोलण्याचे साधन झाली. इथे जाळ्याचे मोल भाषेच्या प्रतिष्ठेत मोजावे लागते.

१९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील १२ आणि मॉस्कोतील १२ शाळांना जोडणारा प्रकल्प सुरू झाला. शीतयुद्ध तेव्हा संपलेले नव्हते. त्यातूनच पुढे ‘आय-अर्न’ ही बहुराष्ट्रीय शिक्षकसंघटना उभी राहिली. येथे येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : या कामाने पृथ्वीवरील जीवनाची प्रत कशी सुधारेल? याच काळात मार्गारेट रील यांनी ‘अध्ययन-वर्तुळ’ ही रचना विकसित केली. वेगवेगळ्या ठिकाणचे सुमारे सहा ते आठ वर्ग ठरावीक मुदतीसाठी एकत्र येतात. प्रत्येक वर्ग एक प्रकल्प मांडतो आणि बाकीच्यांच्या प्रकल्पांना लेखन पुरवतो. शेवटी सर्वांचे मिळून प्रकाशन होते आणि वर्तुळ रीतसर बंद केले जाते. ज्या दूरसंचार कंपनीच्या सेवेवर हे सुरू झाले ती सेवा पुढे उरली नाही. अध्ययन-वर्तुळे मात्र आय-अर्नमध्ये चालू राहिली. फिरत्या वह्यांचा नियम इथे नव्या रूपात भेटतो : संख्या मर्यादित, पाळी ठरलेली, आणि आपले काम दुसऱ्याच्या उत्तरावाचून अपुरे.

पुढचा काळ विस्ताराचा आहे. २००५ मध्ये युरोपीय आयोगाने शाळांच्या जोड्या लावणारा ‘इ-ट्विनिंग’ उपक्रम सुरू केला. २००९ पासून ट्विटरवर शिक्षकांच्या साप्ताहिक चर्चा भरू लागल्या. त्यांनी एक मोठे काम केले, ते नाकारण्याचे कारण नाही : कुणाच्या शिफारशीवाचून, कुणाची परवानगी न मागता, दूरच्या खेड्यातला शिक्षकही जगातल्या चर्चेत शिरू शकला. परंतु या प्रवाहात उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच नसते. अनुयायी हजारोंनी मिळतात, पत्रमित्र मात्र दुर्मिळ होतो. शिवाय जागा परक्याची असते. २००८ मध्ये सुरू झालेले आणि कोट्यवधी सदस्यांपर्यंत पोहोचलेले ‘एडमोडो’ २०२२ मध्ये बंद झाले. तेथील गटांना आपला संसार दुसरीकडे हलवावा लागला. परस्परांवर खरोखर अवलंबून असलेल्या गटांना असे स्थलांतर साधते. केवळ गर्दी म्हणून जमलेले पांगतात.

मराठीत ‘उत्तरदायित्व’ हा शब्द आपण जबाबदारी या अर्थी सहज वापरतो. त्याची फोड केली तर हाती येते ते उत्तर देण्याचे बंधन. शिक्षकांच्या जाळ्यांच्या या शंभर वर्षांचे सार त्या एका शब्दात सामावते. भाषा-साहित्याच्या शिक्षकांना तर यातील मर्म सहज उमगावे, कारण वाचकाच्या प्रतिसादाशिवाय संहिता पूर्ण होत नाही, हे ते वर्गात शिकवतच असतात. आपल्या विद्यार्थ्यांचे लेखन आपल्याखेरीज दुसरे कोण वाचते, आणि त्याला कोण उत्तर देते? ज्या महाविद्यालयात या प्रश्नाला एका तरी दूरच्या वर्गाचे नाव सांगता येईल, तिथे जाळ्याचे काम सुरू झाले असे खुशाल समजावे. मग साधन टपाल असो वा संगणक.