मंगळाचा वीर आणि पडद्याचा मुहूर्त

इतिहास म्हटला की जे घडले त्याचाच तो, अशी आपली समजूत असते. जे घडावे म्हणून माणसे राबली, पैसा ओतला गेला आणि तरीही जे घडले नाही, त्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. लढाई हरलेल्या सेनापतीचे नाव तरी बखरीत उरते. न निघालेल्या चित्रपटाचे तेवढेही उरत नाही. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती अशाच एका न निघालेल्या चित्रपटाची आहे. तो अखेरीस निघाला, पण त्याला शंभर वर्षे लागली. आणि निघाला तेव्हा लोक म्हणाले, यात नवे ते काय? हा प्रश्न लोकांना का पडला, तो रास्त होता का, हाच आमचा खरा विषय आहे.

कथेचा जनक एडगर राइस बरोज हा शिकागोचा गृहस्थ. जन्म १८७५ चा. पस्तिशी उलटेपर्यंत त्याने अनेक धंदे करून पाहिले आणि बहुतेकांत हात पोळून घेतले. १९११ च्या सुमारास तो पेन्सिलींना टोक काढावयाची यंत्रे विकण्याच्या उद्योगात होता. आपल्या धंद्याच्या जाहिराती बरोबर छापल्या आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी तो त्या काळची स्वस्त मासिके चाळीत असे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरबरीत कागदावर ती निघत, म्हणून त्यांना 'पल्प' हे नाव पडले होते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारावर आणि काळ्या पहाडावर ज्यांचे बालपण पोसले, त्यांना त्या मासिकांची जात निराळी समजावून सांगावयास नको. बरोजला वाटले, असल्या गोष्टी छापून पैसे मिळत असतील तर आपणही का लिहू नये? त्याने लिहिली. 'ऑल-स्टोरी' मासिकाने ती ४०० डॉलरला घेतली आणि १९१२ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत क्रमशः छापली. कथा इतकी अचाट होती की लोक आपल्याला वेडा म्हणतील, या धास्तीने त्याने 'नॉर्मल बीन', म्हणजे डोके ठिकाणावर असलेला माणूस, असे टोपणनाव घेतले होते. छापखान्यात त्याचे 'नॉर्मन' झाले आणि विनोद वाया गेला.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडील सैन्याचा कप्तान जॉन कार्टर सोन्याच्या शोधात ॲरिझोनात जातो. अपाची लोक पाठीस लागतात म्हणून एका गुहेत शिरतो, बेशुद्ध होतो, आणि जागा होतो तो मंगळावर. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. त्यामुळे इथला साधा माणूस तिथे उड्डाणे घेऊ लागतो. पंधरा फूट उंचीचे, चार हातांचे हिरवे योद्धे, आठ पायांची वाहने, दहा पायांचा इमानी कुत्रा, हवेत तरंगणारी लढाऊ गलबते, हवा तयार करणारा कारखाना, आणि हेलियम नगरीची राजकन्या देजा थोरिस. एका मासिकाच्या सहा अंकांत एवढा ऐवज भरलेला होता. पुढे १९१७ साली 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावाने त्याचे पुस्तक झाले आणि मालिका अकरा पुस्तकांपर्यंत वाढली.

हा मंगळ बरोजने हवेतून काढला नव्हता. १८७७ साली इटलीच्या स्कियापारेल्लीला मंगळावर रेघा दिसल्या. अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेलने त्यांचे कालवे केले आणि कालवे खोदणाऱ्या, पाण्यावाचून मरणाऱ्या एका प्राचीन जातीची कल्पना १८९५ ते १९०८ या काळात तीन ग्रंथांतून मांडली. म्हणजे १९१२ च्या वाचकाला मंगळावरील माणूस ही निव्वळ परीकथा वाटत नव्हती. वर्तमानपत्रात वाचलेल्या शास्त्राचीच ती पुढची पायरी होती. हे ध्यानात ठेवावयास हवे, कारण पुढे या वीराच्या पायाखालचा मंगळच काढून घेतला गेला.

त्याच वर्षी, त्याच मासिकात, त्याच लेखकाचा दुसरा नायक जन्मास आला, तो टारझन. या धाकट्या भावाचे नशीब पाहा. १९१२ च्या ऑक्टोबरात तो छापला गेला आणि १९१८ च्या प्रारंभी एल्मो लिंकन नावाच्या दणकट नटाच्या रूपाने पडद्यावरही आला. १९३२ साली पोहणारा वीर जॉनी वाइसम्युलर टारझन झाला आणि जगभर त्याची आरोळी घुमली. मुंबईच्या वाडिया मुव्हीटोनने १९३७ साली 'तूफानी टारझन' काढून त्याला आपल्या पडद्यावरही आणून सोडले. टारझनला लागते काय? एक जंगल, एक धष्टपुष्ट माणूस, चार पारंब्या. १९१८ चे चित्र तर लुइझियानातल्या दलदलीत आफ्रिका उभी करून घेतले होते. मंगळ मात्र लुइझियानात सापडत नाही. एकाच बापाची दोन पोरे. एक हाताशी असलेल्या साधनांत मावले, दुसरे मावले नाही.

पहिला गंभीर प्रयत्न झाला तो १९३५-३६ साली. बॉब क्लॅम्पेट हा तेव्हा अवघा बावीस वर्षांचा चित्रकार. वॉर्नर कंपनीच्या व्यंगपटांत काम करणारा हा तरुण पुढे बग्ज बनीच्या चित्रांमुळे नावारूपास आला. त्याने बरोजला जाऊन सांगितले की तुमचा मंगळ कॅमेऱ्याने टिपता येणार नाही. तो हाताने काढला पाहिजे. बरोजला हे पटले. त्याचा चित्रकार मुलगा जॉन कोलमन बरोज क्लॅम्पेटला येऊन मिळाला. दोघांनी मिळून नमुन्याची चलच्चित्रे तयार केली. आठ पायांचे जनावर भरधाव धावताना कोणता पाय केव्हा टेकवील, असल्या प्रश्नांशी झुंजण्यात त्या पोरांनी दिवसरात्र घालवली. एमजीएम कंपनी प्रथम अनुकूल होती. पण लहान गावांतून चित्रे विकणाऱ्या मंडळींचे मत पडले की मंगळावर गेलेला माणूस आमच्या गिऱ्हाइकाला रुचावयाचा नाही. कंपनीने सुचविले, त्यापेक्षा टारझनचीच व्यंगचित्रे काढा. मोठ्या भावाच्या आड धाकटा आला तो असा.

आणि गंमत पाहा. त्याच १९३६ साली युनिव्हर्सल कंपनीची 'फ्लॅश गॉर्डन' ही तेरा भागांची मालिका चित्रगृहांतून गर्दी खेचीत होती. पृथ्वीवरचा तरुण परग्रहावर जातो, जुलमी राजाशी लढतो, तिथल्या राजकन्येच्या नजरेत भरतो! गिऱ्हाइकाला न रुचणारी ती हीच गोष्ट. या फ्लॅश गॉर्डनची जन्मकथाही सांगण्याजोगी आहे. किंग फीचर्स या संस्थेला वर्तमानपत्री चित्रमालिकेसाठी मुळात जॉन कार्टरच हवा होता, परंतु बरोजशी सौदा जमला नाही, म्हणून अलेक्स रेमंडकडून तिने १९३४ साली हा नवा वीर करून घेतला, असे सांगतात. पुढे चाळीस वर्षांनी जॉर्ज ल्यूकस नावाच्या तरुण दिग्दर्शकाला फ्लॅश गॉर्डनवर चित्र काढावयाचे होते. त्याला त्याचे हक्क मिळाले नाहीत. तेव्हा त्याने स्वतःची कथा रचली. ती १९७७ सालची 'स्टार वॉर्स'. कार्टर मिळाला नाही म्हणून गॉर्डन झाला. गॉर्डन मिळाला नाही म्हणून 'स्टार वॉर्स' झाले. नकारातून वाढलेली अशी वंशावळ वाङ्मयात क्वचितच आढळेल. तिची एक फांदी सुपरमॅनकडेही जाते. १९३८ साली प्रकट झालेला तो वीर आरंभी उडत नसे, लांब उड्या मारीत असे. त्याचे कारण त्याच्या जन्मभूमीचे भारी गुरुत्वाकर्षण. आणि ही युक्ती आपल्याला कार्टरवरून सुचली, हे त्याचा जनक जेरी सीगल याने मोकळेपणाने सांगितले होते.

इकडे काळ थांबला नव्हता. बरोज १९५० साली वारला. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ या यानाने मंगळाची जवळून छायाचित्रे घेतली. त्यांत खड्डे दिसले; कालवे नव्हते, नगरे नव्हती, राजकन्याही नव्हती. १९७६ साली व्हायकिंग याने तेथे उतरली. त्या मोहिमेत ज्याचा मोठा वाटा होता तो कार्ल सेगन लहानपणी बरोजची पुस्तके वाचून मोकळ्या मैदानात हात पसरून उभा राहत असे, मंगळाने आपल्यालाही ओढून न्यावे म्हणून. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. ज्या कथेने एका पोराला मंगळाच्या नादी लावले, तिच्यातला मंगळ त्याच पोराने मोठेपणी खोटा ठरवावा, यात आम्हांस कथेचा पराभव दिसत नाही. परंतु चित्रपटाच्या व्यापाऱ्याला मात्र ती नवी अडचण झाली.

'स्टार वॉर्स'चे यश पाहून डिस्ने कंपनीला १९८० च्या दशकात या वीराची आठवण झाली. 'डाय हार्ड'चा दिग्दर्शक जॉन मॅकटियरनन नेमला गेला, नायक म्हणून टॉम क्रूझचे नाव निघाले. पण चार हातांची सेना खरी वाटेल अशी करण्याची विद्या अजून हाती नाही, हे मॅकटियरननला उमगले आणि बेत मोडला. हक्क लेखकाच्या वारसांकडे परत गेले. नव्या शतकात पॅरामाउंटने ते घेतले. विद्या आता हाती आली होती, तर माणसे टिकेनात. २००४ साली रॉबर्ट रॉड्रिगेझ नेमला गेला; पण दुसऱ्या एका चित्राच्या श्रेयावरून त्याने दिग्दर्शकांच्या संघाचा राजीनामा दिला आणि पॅरामाउंट संघाबाहेरचा दिग्दर्शक घेत नसे. त्याच्या जागी केरी कॉनरन आला, तो गेला. जॉन फावरो आला. ऑगस्ट २००६ मध्ये कंपनीनेच हक्क सोडून दिले. फावरोने मग २००८ साली 'आयर्न मॅन' काढून नाव मिळविले. आपल्याकडे पत्रिकेत कडक मंगळ असला की लग्न जुळता जुळत नाही म्हणतात. या नवरदेवाचे तर बिऱ्हाडच मंगळावर!

शेवटी २००७ च्या आरंभी हक्क पुन्हा डिस्नेकडे आले आणि अँड्र्यू स्टँटन या दिग्दर्शकाकडे काम गेले. 'फाइंडिंग नीमो' आणि 'वॉल-ई' हे त्याचे व्यंगपट जगाने डोक्यावर घेतले होते, आणि तो लहानपणापासून कार्टरचा भक्त. जानेवारी २०१० मध्ये लंडनजवळ चित्रीकरण सुरू झाले, पुढे युटाच्या वाळवंटात गेले. मात्र डिसेंबर २००९ मध्येच जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार' येऊन गेला होता. जखमी मनाचा सैनिक, परका ग्रह, धिप्पाड रंगीत जमात, तिथली राजकन्या. बरोजच्या धर्तीचे साहस आपल्याला हवे होते, हे कॅमेरॉनने मुलाखतीत लपविले नाही.

'जॉन कार्टर' ९ मार्च २०१२ रोजी प्रदर्शित झाला. एका लहान कंपनीने २००९ साली थेट तबकडीवर आणलेली स्वस्त आवृत्ती सोडली, तर पडद्यावरचे हे त्याचे पहिले पाऊल. खर्च सुमारे २५ कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री सुमारे २८ कोटी. पण तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रगृहाचा असतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. दहा दिवसांत कंपनीने जाहीर केले की या चित्रापायी सुमारे २० कोटी डॉलरची खोट येणार. स्टुडिओच्या प्रमुखाने एप्रिलमध्ये पद सोडले. त्यात नावाचाही घोळ. आदल्या वर्षी मंगळाच्या नावाचे एक चित्र डिस्नेच्या गळ्यात पडले होते, त्याचा धसका हे एक कारण सांगितले जाते. नावातून राजकन्या गेली, मंगळ गेला, उरला नुसता 'जॉन कार्टर'. एखाद्या पेढीवरच्या मुनिमाचे नाव वाटावे तसे! आणि ज्याने कधी पुस्तक पाहिले नव्हते तो प्रेक्षक म्हणाला, हे सारे आम्ही 'स्टार वॉर्स'मध्ये पाहिले, 'अवतार'मध्ये पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने 'स्टार वॉर्स'ची मालक कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. आजोबाला दारातून परत पाठवून नातवाला दत्तक घ्यावे, तसे झाले. २०१४ साली हक्क पुन्हा वारसांकडे गेले.

आता निवाडा. प्रेक्षक चुकला, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. प्रेक्षक तिकीट काढतो तो वंशावळ वाचण्यासाठी नव्हे. शिवाय मूळ कथेतही काळाने जुने केलेले पुष्कळ आहे. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या सैन्याचा कप्तान बिनशंक नायक म्हणून मिरवावा, तिथल्या मूळ रहिवाशांनी केवळ पाठलागापुरते कथेत यावे, हे १९१२ ला खपले. आज खपू नये हेच योग्य. स्टँटनलाही ते जाणवले असावे. त्याने कार्टरला बायको-मुलगी गमावलेला, युद्धाला विटलेला माणूस केले आणि राजकन्येला शास्त्रज्ञ केले. पण तसे करताना मूळ वीराचा तो निर्भर, पोरकट आनंद हरपला, आणि त्या आनंदावरच तर कथा उभी होती.

तरीही एक गोष्ट उरतेच. उशीर म्हणजे केवळ मोकळा गेलेला काळ नव्हे. त्या काळात दुसरी माणसे वापरून वापरून मूळ मालाची झळाळी उतरवतात. क्लॅम्पेटच्या हाती १९३६ साली ज्या कल्पना कोऱ्या होत्या, त्या २०१२ साली स्टँटनच्या हाती आल्या तेव्हा हजार हातांतून फिरून आल्या होत्या. व्यापारी म्हणाले थांबा, अजून गिऱ्हाईक तयार नाही. मग म्हणाले थांबा, साधने तयार नाहीत. आणि सारे तयार झाले तेव्हा नावीन्य शिल्लक नव्हते. वरातीमागून घोडे ही म्हण आपण जाणतो. इथे वरातीमागून नवरदेवच आला आणि मांडवातल्या लोकांनी त्याला विचारले, आपण कोणाकडचे?

त्याला ओळख पटवून देणारे काम तेवढे इतिहासाचे आहे. कोणते चित्र चालले, हे गल्ला सांगेल. पण कोणी कोणाला काय दिले, हा हिशेब गल्ल्यात लिहिलेला नसतो. ज्याने सर्वांना उसने दिले त्यालाच उसनवारीचा ठपका ऐकावा लागला, एवढे जरी श्रोत्यांनी ध्यानात ठेवले, तरी जॉन कार्टरचे देणे काही अंशी फिटले असे आम्ही समजू.