फुलांची भाषा आणि हरवलेले यमक

प्रत्येक फुलाला प्रेमातला एक ठरीव अर्थ असतो आणि ही सांकेतिक भाषा पौर्वात्य अंतःपुरांतून युरोपात आली, असे आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. तिचा माग काढू लागलो तेव्हा हाती फुले थोडी आणि यमके फार लागली.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज राजदूताची पत्नी. मार्च १७१८मध्ये तिने कॉन्स्टँटिनोपलहून आपल्या मैत्रिणीला एक तुर्की प्रेमपत्र धाडले. लहानशा पेटीत घातलेल्या त्या ‘पत्रा’त गुलाब होता, पण मोती, लवंग, नासपती, साबण आणि कोळसाही होता! कोळशात कसला आला शृंगार? उत्तर तुर्की भाषेत आहे. कोळसा म्हणजे ‘कोमुर’, आणि त्याच्याशी जुळतो ‘ओमुर’, म्हणजे आयुष्य. नासपती ‘आर्मुत’, तर ‘उमुत’ म्हणजे आशा. वस्तू पाहताच तिच्या नावाशी जुळणारी ओळ आठवायची. अर्थ त्या ओळीत, वस्तूत नव्हे.

आपल्या उखाण्यांचेही असेच नाही का? पहिल्या ओळीतली चांदीची वाटी यमकासाठी येते. उद्या कोणी उखाण्यांचे भाषांतर करून ‘मराठी स्त्रियांत वाटी हे पतिप्रेमाचे प्रतीक’ असे लिहिले, तर आपण हसू. युरोपात जवळपास तेच घडले.

माँटेग्यूने ओळी दिल्या होत्या, त्यामुळे सगळा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तिची पत्रे तिच्या मृत्यूनंतर, १७६३मध्ये छापली गेली. हामर-पुर्गश्टाल या प्राच्यविद्या-अभ्यासकाने १८०९मध्ये यमकाचे मर्म स्पष्टही केले. तरी १८१९मध्ये पॅरिसला शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेवरचे पुस्तक निघाले, आणि पुढे अशा कोशांचे पीकच आले. त्यांत कोळसा आणि साबण गळाले, फुले उरली. गुलाब-लिलीची जुनी ख्रिस्ती प्रतीके हाताशी होतीच, बाकीचे अर्थ संपादकांनी जुळवले. केट ग्रीनवेच्या १८८४च्या सचित्र कोशात पिवळा गुलाब मत्सराचा, तर लाल ट्यूलिप प्रेमाच्या कबुलीची. कोशाकोशांत मेळ नसे, म्हणजे प्रियकर आणि प्रेयसी यांनी एकच पुस्तक विकत घेतलेले बरे.

हेच कोश आजही टीपांतून शेक्सपियरला लावले जातात, ही आमची खरी तक्रार. ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया रोजमेरी आणि पॅन्सी यांचे अर्थ स्वतःच सांगते. डेझीचा ती नुसता उल्लेख करते.