दानपत्रातील एक अट

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मनात प्रथम संकोचच उभा राहिला. माझा उभा जन्म कापडाच्या पेढीवर गेला. पदवी म्हणाल तर बी. कॉम. एवढीच. परंतु दान आणि त्याचा जमाखर्च हा विषय व्यापाऱ्याला अगदीच परका नाही. म्हणून मुंबईच्या इतिहासातील एका दानाची हकिकत सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

आज पवईत आधुनिक रुग्णालय आहे. १९८० च्या सुमारास मात्र पवई म्हणजे तलाव, आय.आय.टी., दगडाच्या खाणी आणि विखुरलेल्या वस्त्या. दुखणे बेताचे असेल तर घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय, आणि भारी असेल तर शीव किंवा परळ, हाच आपल्या भागाचा रिवाज होता. राजावाडीच्या अधिकृत नावात शेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा ही नावे आजही आहेत. शीव आणि परळ येथील रुग्णालयांचे वैशिष्ट्य असे की, तेथे रोगी बरे होतात आणि डॉक्टरही घडतात.

मुंबईत ही परंपरा १८४५ साली सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले होते, तर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही दोन्ही एकाच आवारात नांदू लागली. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याच कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. आपली मुले तेथे शिकत होती, परीक्षांत चमकत होती. परंतु शिकविण्याच्या जागा प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत आणि त्यांत बहुसंख्य इंग्रज होते. विद्यार्थी होण्यास भारतीय पात्र, गुरू होण्यास मात्र सहसा अपात्र, अशी ती स्थिती होती.

या स्थितीला एका दानपत्राने उत्तर दिले. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या मिळकतीच्या विश्वस्तांनी परळ येथील महाविद्यालयासाठी मोठी रक्कम देऊ केली, पण तिला एक अट जोडली. येथील प्राध्यापक व शिक्षक हे योग्य पात्रतेचे, स्वतंत्र, सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असावेत, ही ती अट. देणगीदार अटी घालतातच. बहुधा त्या नावाच्या पाटीविषयी असतात. ही अट माणसांविषयी होती. १९२५ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. सातव्या एडवर्डच्या स्मारकनिधीचा हातभार लागलेले महापालिकेचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये त्याला जोडून उघडले. आता या दोन्ही संस्थांनी शंभर वर्षे पाहिली आहेत.

अटीचे फळ काय मिळाले? डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले व १९४२ पर्यंत त्यांनी संस्था सांभाळली. पुढे १९६० मध्ये ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. शहरातील नामांकित डॉक्टर नाममात्र मानधनावर सकाळी वॉर्डात उभे राहून शिकवीत. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी येथे भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासांतच दगावला, तरीही त्या प्रयत्नाची नोंद देशाच्या वैद्यकीय इतिहासात कायम झाली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश येऊन केईएममध्ये टेस्ट ट्यूब बालिकेचा जन्म झाला. परंतु माझ्या मते खरे फळ याहून साधे आहे. दरवर्षी तेथून बाहेर पडलेले डॉक्टर गावोगावी गेले, आणि त्यांनी तपासलेल्या रोग्यांची मोजदाद कोणत्याही वहीत नाही.

या व्यवस्थेत रोग्याचाही एक वाटा असतो, हे मला १९८३ साली उमगले. वडिलांना रक्ताची उलटी झाली म्हणून आम्ही त्यांना एका मोठ्या शिक्षण रुग्णालयात नेले. सकाळच्या राउंडला प्रोफेसरांमागे आठ-दहा विद्यार्थी येत आणि एकामागून एक पोट दाबून पाहत. वडील संतापून मला म्हणाले, “अरे, मी काय गाठोड्यातला तागा आहे? येईल त्याने हात लावून पोत बघायचा!” मलाही ते खटकले. त्याच रात्री एक शिकाऊ मुलगा पुन्हा आला. खाटेशेजारी बसून त्याने तासभर खाण्यापिण्याची, झोपेची, दुकानात किती वेळ उभे राहता याची चौकशी केली. त्यातून निघाले की वडील गुडघ्यांसाठी महिनोन्‌महिने परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत होते. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने सर्वांसमक्ष केस मांडली, गोळ्या बंद झाल्या आणि पोटाच्या व्रणावर नेमके उपचार सुरू झाले. घरी निघताना वडिलांनी त्याला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरविला. पेढीवर ते कोणाचे कौतुक करीत नसत, म्हणून ते दृश्य माझ्या लक्षात राहिले.

मात्र एक बाजू पाहून हिशेब पुरा होत नाही. पोटाला हात लावण्यापूर्वी वडिलांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. गरीब रोगी मोफत उपचार घेतो म्हणून त्याची संमती गृहीत धरावी, हा न्याय नव्हे. तो आपले शरीर पाठ म्हणून देतो. म्हणजे तोही दाताच आहे. २०१९ पासून देशाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात रोग्याशी संवाद आणि नीतिमत्ता यांचे पाठ समाविष्ट झाले, ही समाधानाची बाब होय.

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शिक्षण रुग्णालयात औषधदान आणि शास्त्रदान एकाच खाटेशी घडते, आणि ते नीट घडले तर रोग्याला अभयही लाभते. २०१५ मध्ये जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडून महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने ही सोय आता पश्चिम उपनगरातही आली आहे.

तेव्हा सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत वैद्यकीय साहाय्याचा विचार होईल तेव्हा यंत्र, खाट, पाटी यांच्याबरोबर शिकणाऱ्या हाताचाही विचार व्हावा. एखाद्या गरजू विद्यार्थ्याची फी, एखाद्या परिचारिकेचे शिक्षण, वॉर्डातील ग्रंथालयाला चार पुस्तके, एवढेही पुष्कळ आहे. यंत्र दहा वर्षांत जुने होते. शिकलेला माणूस पुढच्याला शिकवून जातो. परळच्या त्या विश्वस्तांनी शंभर वर्षांपूर्वी हेच ओळखले होते, हे विश्वस्त मंडळाने ध्यानात घ्यावे, ही नम्र विनंती.