चाकाची धाव

मराठीत टायरला स्वतःचा शब्द आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी बसवतात, तिला 'धाव' म्हणतात. इतका नेमका शब्द घरात असताना आपण तो अडगळीत टाकला, याचं कवी म्हणून मला वाईट वाटतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर खोपोलीच्या एका टायरच्या दुकानात बसलो असताना तो अचानक आठवला.

पुतण्याच्या गाडीचे टायर बदलायचे होते. गाडी म्हणजे हल्ली घरोघरी दिसते तशी छोटी एसयूव्ही. जुन्या टायरवर आकडा होता २०५/६० आर १६. पुतण्या म्हणाला, "चाचा, या खेपेला दोनशे पस्तीस टाकू या. गाडी कशी भरलेली दिसेल!" दुकानातल्या कारागिराने मान डोलावली. "बसतील ना भाई, काही प्रॉब्लेम नाही."

हा 'बसतील' शब्द माझ्या कानाला खटकला. कारण धाव बसवताना मी लहानपणी पाहिली आहे.

आमच्या खालापूर तालुक्यात तेव्हा बैलगाड्या होत्या. धाव बसवण्याच्या दिवशी लोहाराच्या शाळेपुढे आम्हा पोरांची गर्दी व्हायची. लोहार चाकाच्या घेराचं माप दोरीने घ्यायचा. मग लोखंडी पट्टीचं कडं करायचा, पण ते चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवायचा. भोवताली गोवऱ्या रचून ते कडं लालभडक तापवायचं, लोखंड फुगलं की चिमट्यांनी उचलून चाकावर घालायचं, वरून घणाचे चार घाव आणि लगेच पाणी. धुराचा, वाफेचा लोट उठायचा, लोखंड आकसायचं आणि चाकातला प्रत्येक आरा तुंब्यात करकचून बसायचा. लहानसं पोरही विचारायचं, कडं किती लहान ठेवायचं? तेच तर त्या लोहाराचं ज्ञान होतं. फार लहान ठेवलं तर लाकूड तडकतं. सैल राहिलं तर उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि भर रस्त्यात धाव निखळून पडते. पुढे आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या चाकांवरही पोलादी टायर याच युक्तीने चढवत, हे मी मोठेपणी वाचलं.

आणि रस्ता कुठला, तर बोरघाटाचा. या घाटातून मालाची ने-आण शतकानुशतकं चालली, पण ती बैलांच्या पाठीवरून. चाकांच्या गाड्यांसाठी हा घाट नीट खुला झाला तो १८३० मध्ये. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम त्या वर्षी १० नोव्हेंबरला आपल्या मंडळींसह घोडागाड्यांतून हा घाट उतरले. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली, पण घाट चढायला तिला १८६३ साल उजाडलं. मधल्या काळात उतारू खोपोलीला उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून खंडाळ्याला जात आणि तिथून पुढची आगगाडी धरत. आजही जुन्या महामार्गाने घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर मंडळी तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. मीही टाकतो. वाट दाखवणाऱ्याची जात-धर्म विचारू नये.

लाकूड-लोखंडाच्या जागी रबर आलं ते गेल्या पावणेदोनशे वर्षांत. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि जग हवेवर धावू लागलं. आपल्याकडे डनलपचा कारखाना बंगालमध्ये हुगळीकाठी १९३६ मध्ये निघाला. इटलीतल्या तुरीनची सीएट कंपनी १९५८ मध्ये भारतात आली आणि तिचा कारखाना आपल्या भांडुपला उभा राहिला.

त्या काळच्या टायरवरचे आकडे सोपे असत. जीपच्या टायरवर ६.००-१६ लिहिलेलं असे. रुंदी सहा इंच, आतली रिम सोळा इंच, संपलं. फियाटचा ५.२०-१४, अॅम्बेसेडरचा ५.९०-१५. टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असायची, त्यामुळे ती वेगळी लिहायची गरज नव्हती. मग मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. टायर बुटके आणि रुंद होऊ लागले, आणि उंचीसाठी तिसरा आकडा आला.

आपल्या देशाने मेट्रिक मापं घेतली ती १९५८ पासून. शेर-मण गेले, किलो आले. टायरने मात्र अर्धीच दीक्षा घेतली. २०५/६० आर १६ यातले २०५ हे मिलिमीटर, ६० ही टक्केवारी आणि १६ हे इंच! एकाच ओळीत युरोप आणि इंग्लंड शेजारी शेजारी बसले आहेत. आमच्या कर्जत तालुक्याला हे नवं नाही. नेरळ स्टेशनात साडेपाच फुटी रुळांची मोठी गाडी आणि दोन फुटी रुळांची माथेरानची गाडी अशाच शेजारी उभ्या असतात. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०७ मध्ये ती छोटी गाडी डोंगरावर नेली. तिथे मापं जुळत नाहीत म्हणून माणसं गाडी बदलतात, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. चाक आणि टायरचं तसं नसतं.

दुकानातल्या एका जुन्या बिलाच्या मागे मी पुतण्याला हिशोब करून दाखवला. २०५ चे ६० टक्के म्हणजे १२३ मिलिमीटर, ही टायरच्या बाजूची उंची. वरची आणि खालची मिळून २४६. सोळा इंचाची रिम म्हणजे ४०६.४. एकूण चाक ६५२.४ मिलिमीटरचं. आता त्याचं २३५/६० घ्या. बाजूची उंची १४१, दुप्पट २८२, एकूण ६८८.४. चाक ३६ मिलिमीटरने, म्हणजे साडेपाच टक्क्यांनी मोठं झालं. आधी काटा बरोबर असेल तर आता तो ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ च्या वर असेल. दंड तुझ्या नावावर येईल, काट्याच्या नाही. चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ कमी, ती घाटात जाणवणार. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या बाजूला घासणार. शिवाय त्याच्या गाडीची रिम होती सहा इंच रुंद, आणि २३५ च्या टायरला किमान साडेसहा इंच रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर तो चढेल जरूर, पण वळणावर त्याच्या भिंती डोलतील. आमच्याकडच्या पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे वेगळंच.

पुतण्या हसून म्हणाला, "चाचा, तुम्ही बीए ना? हे गणित कुठून आलं?" त्याला काय सांगणार? गझल लिहिणाऱ्याचा जन्म मोजण्यातच जातो. मात्रांची बेरीज जुळली तरी लघु-गुरूची जागा चुकली की ओळ कोसळते. उर्दूत याला वजन म्हणतात.

टायरलाही वजन असतं, आणि ते मी फार महाग किमतीला शिकलो. मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ९२ एच. ९२ म्हणजे तो एक टायर ६३० किलो भार पेलू शकतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातले एक जण लग्नाहून पुण्याकडून परतत होते. गाडीत माणसं खच्चून, वर सामान. टायर जुने विकत घेतलेले. मापाचा आकडा जुळत होता, भाराचा नव्हता. एक्स्प्रेस-वेचं सिमेंट दुपारी तापलेलं. घाट उतरून खालापूरकडे येताना मागचा टायर फुटला. ते गेले. बाकीचे वाचले. टायरवर नक्षी चांगली शिल्लक होती, सगळे तेच म्हणत होते. पण टायरच्या भिंतीवर चार आकड्यांत त्याचा जन्म लिहिलेला असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्या टायरच्या आकड्यांवरून तो आठ वर्षांचा निघाला. रबर नक्षीआधी म्हातारं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून टायर घेताना मी आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचतो. तो बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. त्यावर कंपनीने ठरवलेलं माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. छोटी एसयूव्ही हा प्रकारच मुळात मापातून जन्मला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं, आणि कंपन्या चार मीटरच्या आत उंच गाड्या बसवू लागल्या. अशी गाडी उंच, आखूड, म्हणून तिचा तोल नाजूक. तिला तिच्या मापाबाहेर नेणं म्हणजे त्या तोलाशी खेळणं. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे.

मग माप अजिबात बदलायचं नाही का? तसंही नाही. पुतण्याच्याच मॉडेलच्या महागड्या प्रकारात कंपनी २१५/६० आर १६ देते. त्याचं चाक ६६४.४ मिलिमीटर, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्याही आत. तीन टक्क्यांच्या आत राहावं, असा जाणकार टायरवाल्यांचा ढोबळ नियम आहे. तोच टायर सहा इंची रिमलाही चालतो, आणि भाराचा आकडा ९२ च्या खाली जात नाही. पुतण्याचं मन राखलं गेलं आणि माझंही. कारागीर मात्र थोडा खट्टू झाला, कारण दोनशे पस्तीसचे चार टायर त्याने आधीच आतून काढून आणले होते.

चारही टायर बसले, हवा भरली, चाकांचं बॅलन्सिंग झालं. निघता निघता मी म्हटलं, "अरे, स्टेपनी बघ."

हा शब्द कुठून आला, तेही गमतीचं आहे. पूर्वी मोटारींना जादा चाक नसे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी हवा भरलेली आऱ्यांशिवायची एक जादा रिम काढली. पंक्चर झालेल्या चाकावर ती अडकवून गाडी पुढे नेता यायची. त्यांचं दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होतं, म्हणून ती स्टेपनी. इंग्लंडमध्ये तो शब्द केव्हाच मेला. इथे खोपोलीत तो रोज शंभर वेळा उच्चारला जातो. अलीकडे मात्र २०२० च्या नियमाने हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. पुष्कळ गाड्यांत ती असते, पण बाकीच्या चार टायरांपेक्षा लहान मापाची. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती तात्पुरतीच वापरायची असते.

पुतण्याने डिकी उघडली, वरच्या पिशव्या, छत्र्या, पोरांचे बूट बाजूला केले, गालिचा उचलला. कारागिराने मीटर लावला आणि आमच्याकडे बघून नुसताच हसला. स्टेपनीत हवाच नव्हती.